माळ्यावरच्या सीपीयूतली पत्रं

भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५पासून, विदेश संचार निगमच्या डायल-अप जोडणीवर. जीमेल आलं १ एप्रिल २००४ला, एक जीबी जागा देऊ करत. या दोन तारखांच्या मधल्या काळात घराघरांतून जी पत्रं गेली-आली, त्यांचं आज काय झालंय? त्याआधीची पत्रं ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात किंवा तारेला टोचून ठेवलेली सापडतात. नंतरची बहुतेक कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर शाबूत आहेत. मधली पत्रं मात्र घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर होती, बहुतेकदा फक्त तिथेच. आणि नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना माळ्यावर गेला.

हे असं झालं ते त्या काळी मेल पोचवण्याच्या पद्धतीमुळे. मेल सर्व्हरवर येऊन थांबायचा. मोडेम लावून जोडणी केली की आउटलूक एक्सप्रेस, युडोरा किंवा नेटस्केप तो घरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि सर्व्हरवरची प्रत पुसून टाकायचं. या पद्धतीला पॉप म्हणतात. ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ असा पर्याय त्यात होता, पण सर्व्हरवर जागा मिळायची मोजक्या एमबींची. ती भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जायचे. शिवाय इंटरनेटचे तास विकत घेतलेले आणि वर टेलिफोनचं बिल. त्यामुळे जोडणी करायची, मेल उतरवायचे, जोडणी तोडायची आणि मग निवांत वाचायचे, हीच घरोघरची रीत होती. पत्रं घरात राहिली ती या रीतीमुळे. हॉटमेल किंवा याहूवर ब्राउझरमधून वाचलेल्या मेलचं तसं नाही. ते डिस्कवर उतरलेच नव्हते, त्यामुळे तिथे ते शोधण्यात फारसा अर्थ नाही.

जुना कॉम्प्युटर बंद पडला की लोक म्हणतात, ‘मेल गेले.’ माझं सांगणं एवढंच, की बहुतेक वेळा ते गेलेले नसतात. विंडोज सुरू होत नाही, पासवर्ड आठवत नाही, मदरबोर्ड जळाला, आउटलूक एक्सप्रेस आता कुठेच मिळत नाही, यांपैकी एकाही कारणाने पत्रं नष्ट होत नाहीत. मेल वाचायचा प्रोग्रॅम वेगळा आणि मेल साठवलेल्या फाइली वेगळ्या. प्रोग्रॅम गेला तरी फाइली राहतात. त्या हातात आल्या की वाचायचे मार्ग अनेक आहेत. नुकसान होतं ते पुढच्या घाईत, म्हणून काय आधी करायचं आणि काय नंतर, याला इथे फार महत्त्व आहे.

पहिला मोह होतो तो माळ्यावरचा सीपीयू खाली काढून, धूळ झटकून, बटण दाबून बघण्याचा. तो टाळा. पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर निकामी झालेले असू शकतात आणि त्यांचा फटका डिस्कला बसू शकतो. सगळं ठीक चाललं तरी विंडोज सुरू होताना डिस्कवर लिहीत असतं. लॉग, तात्पुरत्या फाइली आणि पेज फाइल हे सगळं मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर जातं, आणि पुसलेले मेल नेमके त्याच जागेत असतात. आउटलूक एक्सप्रेस उघडलंत तर आणखी एक धोका आहे. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर हा प्रोग्रॅम शंभर वेळा बंद केला की विचारायचा, ‘जागा वाचवण्यासाठी मेल कॉम्पॅक्ट करू का?’ कॉम्पॅक्ट करताना पुसलेल्या मेलची जागा कायमची निघून जाते, आणि मधेच वीज गेली किंवा डिस्क अडखळली तर चांगले मेलही जातात. कित्येकांचे इनबॉक्स असेच रिकामे झाले. थकलेल्या डिस्कवर हा प्रयोग करायचा नाही.

त्याऐवजी फक्त डिस्क बाहेर काढायची. कॅबिनेटचं झाकण उघडून चार स्क्रू काढले की ती सुटते. साधारण २००३-०४च्या आधीची असेल तर तिला ४० पिनांची रुंद पट्टीसारखी केबल असते; हिला आयडीई म्हणतात. त्यानंतरच्या डिस्कला बारीक साटा केबल. लॅपटॉपच्या जुन्या डिस्कला ४४ बारीक पिना असतात. या तिन्ही प्रकारांना चालणारा यूएसबी ॲडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन सहज मिळतो. घेताना त्याच्यासोबत वेगळा पॉवर ॲडॅप्टर आहे ना, हे बघून घ्या. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबीतून येतात पाचच. आयडीई डिस्कच्या मागे एक इवलासा जंपर असतो. तो ‘मास्टर’च्या जागी असावा, नाहीतर डिस्क दिसत नाही आणि माणूस उगाच ती मेली असं समजतो.

डिस्क जोडली की आधी कान द्या. एकसारखी घूं आणि मधे बारीक खरखर येत असेल तर ठीक. ठरावीक अंतराने टक... टक... असा आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा. वाचणारं हेड जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. हे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं; ते टेकलं तर दर फेरीला पृष्ठभाग खरवडला जातो, आणि फेऱ्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० होतात. अशी डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं काम आहे. तिथे धूळविरहित खोलीत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून ती वाचतात. खर्च मोठा येतो. पण घरी झाकण उघडून बघणं किंवा डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं हे उपाय करू नका. फ्रीजरमधून काढल्यावर तबकडीवर जो दमटपणा धरतो, त्याने उरलीसुरली आशाही संपते.

डिस्क निरोगी वाटत असली तरी फाइली शोधायला लगेच आत शिरायचं नाही. विंडोज ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं म्हणालं तर रद्द करायचं. ‘डिस्क तपासू का, दुरुस्त करू का’ असं विचारलं तरी नकोच म्हणायचं, कारण त्या दुरुस्तीत विंडोज तुटक्या नोंदी कापून टाकतं. आधी संपूर्ण डिस्कची इमेज घ्यायची. इमेज म्हणजे निवडक फाइलींची कॉपी नव्हे. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, मोकळी दिसणारी जागा धरून, सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायचं. विंडोजवर एफटीके इमेजर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम हे करतो. डिस्कमध्ये खराब जागा असतील तर लिनक्सवरचं ग्नू डीडीरेस्क्यू जास्त शहाणं आहे. ते आधी सहज वाचता येणारे भाग भराभर उचलतं, अडचणीच्या जागा बाजूला ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळतं. कुठवर वाचलं याची नोंद ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवत असल्याने काम मधे थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येतं. त्या काळच्या २० किंवा ४० जीबीच्या निरोगी डिस्कची इमेज तासाभरात तयार होते आणि आजच्या साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावते. नंतरचं सगळं काम इमेजवर करायचं आणि मूळ डिस्क डब्यात ठेवून द्यायची.

मोठी अभिलेखागारंही हाच क्रम पाळतात. मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी यांची कागदपत्रं अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठाने २००६मध्ये घेतली, तेव्हा त्यांत चार ॲपल कॉम्प्युटरही होते, त्यांतला एक कोक सांडून बिघडलेला. विद्यापीठाने डिस्कच्या प्रती घेतल्या आणि २०१०मध्ये हा संग्रह अभ्यासकांना खुला केला. रश्दींचा जुना मॅकिंटॉश परफॉर्मा त्यांच्यासमोर जसा दिसत असे तसाच आजच्या कॉम्प्युटरवर उघडून बघता येतो. ब्रिटिश लायब्ररीने २०११मध्ये कवयित्री वेंडी कोप यांचा संग्रह घेतला तेव्हा त्यात सुमारे ४०,००० ईमेल होते. एखाद्या लेखकाचा पत्रव्यवहार आता असाच जपला जाणार आहे. मराठी लेखक, संपादक आणि कार्यकर्ते यांच्या घरांतल्या डिस्कही याच मोलाच्या आहेत. त्यांच्याकडे तसं कोणी बघत नाही, याची मला खंत वाटते.

आता फाइली. विंडोज एक्सपीवर आउटलूक एक्सप्रेस आपले मेल फार आडबाजूला ठेवायचं: ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये वापरणाऱ्याच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘लोकल सेटिंग्ज’, त्यात ‘ॲप्लिकेशन डेटा’, मग ‘आयडेंटिटीज’, मग महिरपी कंसातलं ३२ आकड्या-अक्षरांचं एक अगम्य नाव, मग ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि शेवटी ‘आउटलूक एक्सप्रेस’. यांतली दोन फोल्डरं लपवलेली. नवा कॉम्प्युटर घेताना लोकांनी ‘माय डॉक्युमेंट्स’ कॉपी केलं, फोटो कॉपी केले आणि मेल मागे राहिले ते यामुळे. वाट पाठ करायची गरज नाही. लपलेल्या फाइली दाखवायला सांगून डीबीएक्स एक्स्टेन्शन शोधा. इनबॉक्स, सेंट आयटम्स, ड्राफ्ट्स अशी प्रत्येक फोल्डरची एकेक फाइल सापडेल. ऑफिसबरोबर येणारं मोठं आउटलूक सगळं एकाच पीएसटी फाइलमध्ये ठेवतं. थंडरबर्ड, नेटस्केप आणि युडोरा एमबॉक्स नावाची रचना वापरत. ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश आला तर घाबरू नका. जुन्या विंडोजमधल्या मालकाची ओळख नव्या विंडोजला पटत नाही, इतकंच. इमेज एफटीके इमेजरमध्ये उघडली तर ही अडचण येतच नाही.

यांपैकी एमबॉक्स ही रचना मला सर्वांत आवडते, कारण ती कोणत्याही प्रोग्रॅमवाचून वाचता येते. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. हजारो मेल एकापाठोपाठ एक लिहिलेले दिसतील. नवा मेल सुरू होतो तो ‘फ्रॉम’ हा शब्द आणि एक मोकळी जागा यांनी सुरू होणाऱ्या ओळीने, बाकी सीमा नाही. पत्रातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू होत असेल तर प्रोग्रॅम तिच्या आधी एक बाणाकृती चिन्ह घालतो, म्हणजे घोळ होत नाही. त्याखाली पत्राचा सगळा प्रवास असतो. ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचत गेलात तर मेल कुठल्या सर्व्हरवरून कुठे गेला ते वेळेसकट कळतं. वेळेच्या शेवटी ‘-०८००’ असेल तर ते घड्याळ कॅलिफोर्नियासारख्या पॅसिफिक किनाऱ्याचं, ‘+०५३०’ असेल तर आपल्याकडचं. मुलीने तिकडे रात्री जागून लिहिलं आणि इकडे दुपारी ते वाचलं गेलं, हे त्या दोन ओळींत दिसतं.

मग मजकूर, आणि जोडलेला फोटो असेल तर ७६ अक्षरांच्या निरर्थक वाटणाऱ्या ओळींची लांबच लांब भिंत. मेल ही मुळात साध्या अक्षरांसाठी केलेली सोय, त्यामुळे फोटोचे दर तीन बाइट चार अक्षरांत बदलून पाठवतात. ही बेस-६४ पद्धत. जेपीईजी फोटोच्या सुरुवातीचे तीन बाइट ठरलेले असल्याने अशा प्रत्येक भिंतीची सुरुवात एकाच खुणेने होते: स्लॅश, नऊ, लहान जे, स्लॅश. फाइल अर्धवट तुटलेली असली, कोणताही प्रोग्रॅम ती उघडत नसला, तरी ही चार चिन्हं शोधत गेलं की एकेक फोटो सापडतो. तिथून भिंत संपेपर्यंतचा मजकूर उचलून परत उलगडला की काम झालं.

थंडरबर्डच्या फाइलमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रत्येक मेलच्या वर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ आणि चार आकडे असतात. मेल वाचलेला असेल तर ०००१. वाचून पुसलेला असेल तर ०००९. म्हणजे पुसलेला मेल फाइलमध्ये अजून तसाच आहे, फक्त त्याच्यावर खूण केली आहे. प्रतीमध्ये नवाचा एक करा, शेजारची एमएसएफ ही सूचीची फाइल काढून टाका, थंडरबर्ड पुन्हा उघडा, मेल परत दिसतो. फोल्डर कॉम्पॅक्ट केलेलं नसेल एवढीच अट.

डिस्कवरच्या कोणत्याही फाइलचं पुसणं थोड्याफार फरकाने असंच चालतं. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी शेत जागच्या जागी असतं, तसं फाइलची नोंद गेली तरी मजकूर तबकडीवर राहतो, दुसऱ्या कोणी तिथे पेरेपर्यंत. ‘फॉरमॅट मारलेल्या’ डिस्कबद्दलही लगेच निराश होऊ नये. विंडोज एक्सपी पूर्ण फॉरमॅट करतानासुद्धा मजकुरावर काही लिहीत नसे, फक्त खराब सेक्टर तपासत असे. शून्यं लिहिण्याची पद्धत व्हिस्टापासून आली. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम नोंदींकडे न बघता इमेज चाळतो आणि सुरुवातीच्या ठरलेल्या बाइटवरून फाइली ओळखतो. त्याला पीएसटी आणि डीबीएक्सही ओळखू येतात. रिसायकल बिनच्या लपलेल्या फोल्डरमध्येही डोकावा. आउटलूक एक्सप्रेस कॉम्पॅक्ट करताना जुन्या फाइलची प्रत बीएके एक्स्टेन्शन देऊन तिथे टाकायचं आणि तिथे तिचं नाव बदलून ‘डीसी १’सारखं व्हायचं, म्हणून ती ओळखू येत नाही. तिचं एक्स्टेन्शन परत डीबीएक्स करून बघा. आजच्या एसएसडीवर मात्र ही आशा जवळपास नाही; तिथे पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. जुन्या, फिरणाऱ्या तबकडीची हीच थोरवी.

उघडण्याबद्दल थोडक्यात. डीबीएक्ससाठी अनडीबीएक्स नावाचं मोफत साधन आहे. ते प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल करून देतं, आणि ईएमएल कुठेही उघडते. पीएसटी क्लासिक आउटलूकमध्ये थेट उघडते; ते नसेल तर लिनक्सवरचं रीडपीएसटी तिचं एमबॉक्स करतं. २००३च्या आधीच्या आउटलूकची पीएसटी दोन जीबीला पोचली की बिघडायची; तुमची फाइल नेमकी त्या आकाराची असेल तर दोष डिस्कचा नाही, आणि आउटलूकबरोबर येणारा स्कॅनपीएसटी आधी चालवून बघावा, अर्थात प्रतीवर. पीएसटीत एखादं नाव टेक्स्ट एडिटरने शोधून सापडलं नाही तर ते नाहीच असं समजू नका. आउटलूक प्रत्येक बाइट एका कोष्टकाप्रमाणे बदलून साठवतं, म्हणून ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. सगळं शेवटी एमबॉक्स किंवा ईएमएलमध्ये आणून ठेवावं हे बरं. साधा मजकूर असल्याने पन्नास वर्षांनीही तो वाचता येईल.

एवढं सगळं करून मेल उघडतो आणि मराठी पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हा आपल्या भाषेचा खास प्रश्न आहे, आणि तो सुटतो. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा फाँटमध्ये लिहीत होतो. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. मेलमध्ये गेली ती इंग्रजी अक्षरंच. मराठी दिसायचं ते समोरच्याकडे तोच फाँट असेल तर. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असल्याने आधी फाँट कोणता ते कळायला हवं. मेल सजवलेल्या स्वरूपात, म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेला असेल तर त्याचा सोर्स उघडा. मजकुराच्या आधी फाँटचं नाव बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. ते मिळालं की त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून पत्र पुन्हा मराठीत येतं. रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा मात्र हाताने तपासाव्या लागतात.

दुसरा प्रकार नंतरच्या काळातला. युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्र चुकीच्या एन्कोडिंगने उघडलं की दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ दिसतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट नेहमी तोच, म्हणून ही खूण. इथे काहीच बिघडलेलं नाही; प्रोग्रॅमला एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं सांगितलं की पत्र जसंच्या तसं उभं राहतं. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र अक्षरं त्या वेळी पाठवतानाच किंवा साठवतानाच गेलेली असतात.

इमेज आणि काढलेले मेल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून, दोन्ही एकदा उघडून बघितल्यावरच मूळ डिस्कचा विचार करावा. भंगारात द्यायची असेल तर शून्यं लिहून पूर्ण पुसून मगच द्या, कारण जे तुम्हाला काढता आलं ते दुसऱ्यालाही येईल. त्यात पत्रं तुमची एकट्याची नाहीत. याच कारणासाठी डिस्क ओळखीशिवाय कुठल्याही दुकानात सोडून येऊ नये.

कागदी पत्रांच्या ट्रंकेत फक्त आलेली पत्रं असतात. आपण लिहिलेली दुसऱ्याच्या घरी. या डिस्कवर दोन्ही बाजू असतात, कारण ‘सेंट आयटम्स’ची फाइल वेगळी जपलेली असते. आई-वडील गेल्यानंतर मुलांना त्यांच्या डिस्कवर त्यांनी स्वतः लिहिलेले शब्द मिळतात. आणि तुमच्या घरची डिस्क खरोखरच कायमची गेली असेल तरी मार्ग संपत नाही. ज्यांना ही पत्रं गेली त्या मावशीच्या, मित्राच्या, परदेशी गेलेल्या भावाच्या जुन्या डिस्कवर त्यांच्या प्रती असण्याची दाट शक्यता आहे, उत्तरांच्या तळाशी उद्धृत झालेला मूळ मजकूरही असतो. त्यांना विचारा. पाठवताना मेल फॉरवर्ड करू नका, ईएमएल फाइल अटॅचमेंट म्हणून जोडा, असंही सांगा. फॉरवर्ड केल्यावर वरच्या प्रवासाच्या ओळी आणि मूळ तारखेची नोंद गळून जाते.